एकच प्रत, तीन तक्रारी

१

दिलआरा बेगमचा आवाज ऐकायला जमलेल्या मंडळींच्या कानांवर खलनायकाचं गडगडाटी हसू आदळलं, आणि हरिहर सबनीसांच्या हातातला चहाचा कुल्हड कलंडला.

"माँ को बुला ले, ठाकुर," रेकॉर्डमधला माणूस गरजला. "यह नाव काँच की है."

सबनीसांनी घाईघाईने सुई उचलली. चारबाग स्टेशनासमोरच्या हॉटेलांमागे एका बोळात त्यांचं जुन्या रेकॉर्ड्सचं आणि सिनेमांच्या डिस्कचं दुकान होतं. माणूस साताऱ्याचा. हवाई दलात रेडिओ दुरुस्त करण्यात उमेदीची वर्षं गेली आणि निवृत्तीनंतर ते लखनौतच रमले. आता डोळ्यांना कमी दिसायचं, म्हणून त्यांनी तबकडी खिडकीकडे धरली आणि तिच्यावरची अक्षरं मोठ्याने वाचली.

"काँच की नाव. संवाद."

समोर नफ़ीसा आपा बसल्या होत्या. दिलआरा बेगम त्यांची आजी. एके काळी या शहरात तिच्या ठुमरीचं मोठं नाव होतं, पण कुठल्याच कंपनीने तिचा आवाज कधी रेकॉर्ड केला नाही. एका घरगुती बैठकीत कुणी हौशी माणसाने लाखेसारखा काळा थर दिलेल्या पत्र्याच्या तबकडीवर तिचं गाणं कोरून घेतलं होतं, तेवढंच मागे उरलं. तीही तबकडी नफ़ीसा आपांची आई गेल्यावर तिच्या संदुकीत सापडली. घरात वाजवायला यंत्र नव्हतं. म्हणून महिन्याभरापूर्वी त्यांनी ती तपकिरी कागदी कव्हरसकट सबनीसांच्या हवाली केली, आणि एकच अट घातली. पहिल्यांदा वाजेल ती माझ्यासमोर. सबनीसांनी शब्द दिला. तबकडी कपाटात ठेवून कुलूप लावलं आणि दुसऱ्याच दिवशी ते पुतणीच्या लग्नाला साताऱ्याला गेले. ते परत आले आणि आज हा समारंभ ठरला.

"सबनीस साहब," नफ़ीसा आपा हळू आवाजात म्हणाल्या, "अम्मी के संदूक़ में यह सारी उम्र महफ़ूज़ रहा."

एवढंच. पण त्यातली धार खोलीतल्या प्रत्येकाला लागली. जाताना दारात त्या थांबल्या. "कल शाम फिर आऊँगी. उसके बाद थाने जाना पड़ा, तो मुझे अच्छा नहीं लगेगा."

सबनीस मटकन स्टुलावर बसले. कोपऱ्यातल्या खुर्चीवर विनीता शेजवळ होत्या. सबनीसांनी त्यांना मुद्दाम बोलावलं होतं, कारण बेगमच्या साथीला वाईकडचे कुणी नरहर मास्तर पेटीवर असत, असं नफ़ीसा आपांनी सांगितलं होतं, आणि लखनौतल्या मराठी माणसाला एवढा धागा पुरतो. विनीताबाई मिरजेच्या. रेल्वेत हरवलेल्या पार्सलांच्या दाव्यांची चौकशी करत नोकरी संपवलेल्या. निवृत्तीनंतर तेलीबागच्या घरात दुपारी भिंतीवरचं घड्याळ बघत बसायचा त्यांना भयंकर कंटाळा आला होता. आता मात्र त्यांच्या छातीत काहीतरी धडधडायला लागलं. वाईट वाटण्याचं ते धडधडणं नव्हतं, आणि त्याची त्यांना जराशी लाजही वाटली.

"हरिहरभाऊ," त्या उठत म्हणाल्या, "या 'काँच की नाव'चं स्वतःचं कव्हर कुठं आहे?"

२

"का हो विनीताताई?"

"चोराने तपकिरी कव्हरातून बेगमची तबकडी काढली आणि ही भरली. ही काही आभाळातून पडली नाही. मग तिच्या रिकाम्या कव्हरात काय गेलं असेल?"

सबनीस म्हाताऱ्या माणसाला न शोभेल अशा वेगाने मागच्या फळीकडे धावले. तिथे न खपणाऱ्या रेकॉर्ड्सची रांग होती. ती त्यांनी दोनदा उलटीपालटी केली.

"नाही," ते म्हणाले. "गेली कित्येक वर्षं इथंच होतं. निळं कव्हर, वर होडी काढलेली."

आतल्या खोलीतून ऋषभ सक्सेना बाहेर आला. सबनीसांकडे कामाला असलेला हा तरुण दुकानाचं इंटरनेटवरचं पान सांभाळायचा, मालाचे फोटो काढायचा आणि पार्सलं बांधायचा. त्याने सगळं ऐकलं होतं. त्याचा चेहरा उतरला होता.

"सर, वह तो बिक गया," तो म्हणाला. "जिस दिन ऑर्डर फिर से चालू हुए, उसी सुबह. एक आंटी का फ़ोन आया था. मैंने पैक करके भेज दिया."

"वाजवून न बघता?"

"ऑनलाइन का तो मैं ऐसे ही भेजता हूँ, सर."

सबनीसांचा पारा चढला. त्यांच्या काउंटरवरून कुठलीही रेकॉर्ड गिऱ्हाइकाला वाजवून दाखवल्याशिवाय जात नसे, हा त्यांचा कडक नियम. फोनवरच्या आणि इंटरनेटवरच्या मालाला मात्र ऋषभ तो नियम लावत नव्हता. "तूच बांधलंस, तूच पाठवलंस," सबनीस म्हणाले. "आणि पान पण तुझ्याच हातात. मी काय समजायचं?"

ऋषभच्या डोळ्यांत पाणी आलं. विनीताबाईंनी हात वर करून दोघांना थांबवलं. "भांडण नंतर. आधी गिऱ्हाईक कोण ते बघ."

ऋषभने संगणक उघडला. नाव, लीलावती घोरपडे. पत्ता, सरोजिनी नगर. फोन लावला तर नुसता वाजत राहिला.

"अजीब बात है," ऋषभ पुटपुटला. "उसी दोपहर एक और आदमी ने भी वही माँगा था. नाम कुछ लिखा नहीं था. मैंने लिख दिया कि बिक चुका. इतने साल कोई पूछता नहीं था, एक दिन में दो."

विनीताबाईंनी ते मनात ठेवलं. ऋषभने 'काँच की नाव'चं पान उघडलं, आणि खुर्चीतून अर्धा उठला. "मैम, यह देखिए. आज सुबह किसी ने रिव्ह्यू डाला है."

३

सबनीसांच्या दुकानाच्या पानावर कुणीही येऊन मत नोंदवू शके, आणि लखनौचे लोक मत द्यायला मागेपुढे बघत नाहीत. एका सिनेमाच्या डिस्कखाली कुणी लिहिलं होतं, की सिनेमा उत्तम आहे, पण मध्यंतरानंतर आधीच्या मालकाच्या मेहुण्याची वरात लागते, आणि वरात सिनेमापेक्षा सरस आहे. एका सतारीच्या रेकॉर्डखाली दोन गृहस्थांचं महिनाभर जुंपलं होतं. पण आजचा हा अभिप्राय वेगळाच होता. फोनमध्ये बोलून लिहवलेला, हे उघड दिसत होतं. पाच स्टार, आणि खाली मराठीत मजकूर.

"डायलॉगची तबकडी मागवली होती आतून बाई निघाली फार गोड गाते सुरुवातीलाच मराठीत अंगाई आहे पण बाई इकडची वाटते पूर्णविराम डायलॉग नाहीत तरी परत करणार नाही पूर्णविराम अमृता गॅस बंद कर"

सबनीसांनी तो मजकूर दोनदा वाचून घेतला. तिसऱ्यांदा ऐकताना त्यांनी डोळे पुसले. "आहे," ते म्हणाले. "शाबूत आहे. वाजतीय."

विनीताबाई मात्र त्याखालचं वाचत होत्या. तिथे आणखी तीन जुनी मतं होती, तीन वेगवेगळ्या नावांनी हिंदीत दिलेली. तिन्ही एका स्टारची. पहिला म्हणत होता, पैसे पाण्यात गेले, रेकॉर्ड भंगार आहे. दुसरा म्हणत होता, खाचेची उजवी भिंत पूर्ण झिजली आहे, कुणी घेऊ नये. तिसरा म्हणत होता, मी घेऊन फसलो, तुम्ही फसू नका.

"ही कधीची?"

"सर सातारा गए थे, तब की," ऋषभ म्हणाला. "दुकान बंद था, ऑर्डर बंद थे, पर रिव्ह्यू तो कोई भी लिख सकता है."

"हरिहरभाऊ, या रेकॉर्डच्या किती प्रती होत्या तुमच्याकडं?"

"एकच. आणि ती कधी खपली नव्हती."

विनीताबाईंनी चष्मा काढून पुसला. "मग हे तिघं," त्या म्हणाल्या, "विकत घेऊन फसले ते काय?"

बाहेर एक ई-रिक्षावाला स्टेशनच्या सवाऱ्या पुकारत होता.

"न खपलेल्या मालाची कुणी तक्रार करत नाही," विनीताबाई म्हणाल्या. "हे एकाच माणसाने लिहिलंय. त्या निळ्या कव्हरला कुणी हात लावू नये म्हणून. नफ़ीसा आपा तबकडी घेऊन आल्या, त्या दिवशी दुकानात कोण कोण होतं?"

सबनीस आठवायला लागले. ऋषभ आत फोटो काढत होता. भास्कर मोघे शास्त्रीय संगीताच्या फळ्यांशी, पाठ फिरवून, रेकॉर्ड चाळत होते. आणि हर्षवर्धन मिश्रा कानाला हेडफोन लावून रेकॉर्ड प्लेअर दुरुस्त करत काउंटरशेजारच्या टेबलापाशी बसला होता.

"आणि तुम्ही?"

"मी काउंटर सोडलाच नाही." सबनीस थबकले. "नाही. सोडला. आपांना ऑटोत बसवून द्यायला गेलो होतो. तपकिरी कव्हर काउंटरवरच होतं. आल्यावर तसंच उचलून कपाटात टाकलं."

४

भास्कर मोघे रेल्वेत इंजिनीअर. शास्त्रीय संगीताच्या जुन्या रेकॉर्ड्सनी त्यांच्या बंगल्यातल्या दोन खोल्या भरल्या होत्या, आणि सबनीसांच्या पानावरची निम्मी मतं त्यांची असत. लांबलचक, सविस्तर आणि क्वचितच दोन स्टारांच्या वर गेलेली. विनीताबाई आणि सबनीस पोचले तेव्हा ते व्हरांड्यात बसून एका तबकडीवर मऊ ब्रश फिरवत होते.

"मोघेसाहेब," विनीताबाई म्हणाल्या, "दिलआरा बेगमची रेकॉर्ड हरवलीय."

"कळलं मला. आणि फार हळहळ वाटली." मोघ्यांनी ब्रश खाली ठेवला. "मला त्यातली ती अंगाई एकदा ऐकायचीच आहे. ठुमरी गाणारी बाई मराठी अंगाईचा स्वर कसा लावते, हा अभ्यासाचा विषय आहे."

अंगाईचं नाव विनीताबाईंनी काढलं नव्हतं. सबनीसांनीही नाही. सबनीस तर खुर्चीतून उठायलाच लागले, त्यांना विनीताबाईंनी डोळ्यांनी खाली बसवलं.

"अंगाई आहे हे तुम्हांला कुणी सांगितलं?"

"कुणी म्हणजे? त्या बाईंनी. सकाळीच वाचलं. सबनीसांच्या दुकानाचा प्रत्येक अभिप्राय मी वाचतो." मोघ्यांनी फोन पुढे केला. "साथीला वाईचे नरहर मास्तर होते, असं नफ़ीसाबाई त्या दिवशी काउंटरवर सांगत होत्या. आता इकडची बाई मराठी अंगाई गाते, म्हटल्यावर दुसरं कोण असणार? मी लगेच खाली लिहायला बसलो, आत्ताच पुरं झालं. हे बघा."

दोघं दुकानातून निघाल्यावर त्या पानावर खरंच एक भर पडली होती. "माननीय भगिनी, आपल्या हाती आलेली तबकडी अमोल आहे. कृपया पुन्हा वाजवू नका. ताबडतोब संपर्क साधावा." खाली पूर्ण नाव, हुद्दा आणि फोन नंबर. शिवाय अंगाईच्या सांगीतिक महत्त्वावर एक भलामोठा परिच्छेद.

बाहेर आल्यावर सबनीस म्हणाले, "मला हा माणूस आधीपासून संशयास्पद वाटतो."

"चोर आपलं नाव, हुद्दा आणि नंबर लिहून चारचौघांत माल मागत नाही," विनीताबाई म्हणाल्या. त्यांना आता चालायचाही धीर धरवत नव्हता. "आणि एका ओळीत तक्रार लिहून थांबणं या गृहस्थाला जन्मात जमायचं नाही. ऑटो बघा. आलमबाग."

५

आलमबागेत एका शिवणाच्या दुकानावर हर्षवर्धन मिश्राची खोली होती. भिंतींना जाड गाद्या ठोकलेल्या, मध्ये तीन रेकॉर्ड प्लेअर, आणि टेबलावर सुया इतक्या नीट मांडलेल्या, की एखाद्या डॉक्टराचीच खोली वाटावी. जुन्या रेकॉर्डमधला आवाज काढून, खरखर धुऊन संगणकात भरणं हे त्याचं काम. या शहरात त्या कामात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं, हे सबनीसही मान्य करत. बेगमची तबकडी नफ़ीसा आपांनी एकदा ऐकली, की तिचा आवाज उतरवून घ्यायचं काम त्यालाच जाणार होतं.

"हर्षवर्धनजी, आपने वह रेकॉर्ड देखा था?" विनीताबाईंनी विचारलं.

"कहाँ देखा, मैडम. सबनीस जी ने बताया भर था. उस दिन मैं तो प्लेअर में सिर घुसाए बैठा था."

सबनीसांनी त्याला सांगितलं, की ती चुकून एका पार्सलातून सरोजिनी नगरला गेली आहे. एका वयस्कर बाईंकडे आहे, आणि त्या ती वाजवताहेत.

हर्षवर्धन ताडकन उठला. "बजा रही हैं? किस मशीन पर?"

"ते अजून कळलं नाही."

"सुई किनारे पर रख दी होगी उन्होंने. सब किनारे पर ही रखते हैं." तो येरझारा घालायला लागला. "ऐसी डिस्क की परत नाख़ून से उखड़ जाती है. खाँचे की दीवार एक बार गई तो गई. फ़ोन कीजिए उनको, कहिए हाथ न लगाएँ."

त्याने कपाटातून फोम लावलेली एक चपटी पेटी काढून सबनीसांच्या हातात दिली. "इसमें लाइएगा. सीधा पकड़कर."

जिना उतरताना सबनीस भारावले होते. "बघा, याला म्हणतात कळकळ. चोरी झाली त्याच्याकडं याचं लक्षसुद्धा नाही."

"हो," विनीताबाई म्हणाल्या. काहीतरी खटकलं होतं, पण काय ते नेमकं सापडत नव्हतं. रस्ताभर त्या गप्प होत्या. संध्याकाळी लीलावतीबाईंचा फोन लागला, आणि पलीकडून सून अमृताचा हसरा आवाज आला. "आई दुपारी फोन मुका करून झोपतात. तुम्ही उद्या सकाळी या की. आईंना फार आनंद होईल, घरी मराठी माणूस आलं की."

६

लीलावतीबाईंचा मुलगा हवाई दलात, त्यामुळे ते घर विमानतळाच्या बाजूला होतं. दर थोड्या वेळाने डोक्यावरून विमान जायचं, आणि तेवढ्यापुरतं सगळेजण बोलणं थांबवायचे. बाई कोल्हापूरच्या, ठेंगण्या आणि बोलक्या. पोह्यांच्या बशा समोर आल्याशिवाय त्यांनी विषय काढू दिला नाही.

"आमच्या ह्यांना त्या सिनेमातले सगळे डायलॉग पाठ होते," त्या म्हणाल्या. "ते गेल्यापासून घरात कुणी ओरडत नाही. म्हणून मागवली."

"खालची मतं वाचली नव्हती का तुम्ही? सगळ्यांनी वाईट लिहिलं होतं."

"अहो, त्या सिनेमाला सगळे वाईटच म्हणायचे. मी फोनच केला सरळ."

निळ्या कव्हरातून त्यांनी तबकडी काढली. काळी, चकाकती, आणि काठाजवळ केसाएवढ्या भेगा. सबनीसांनी ती दोन्ही तळव्यांवर घेतली.

"पहिल्या दिवशी वाजेचना," लीलावतीबाई सांगत होत्या. "काठावर सुई ठेवली की घसरून बाहेरच पडायची. मी म्हटलं, लोकांनी लिहिलंय ते खरंच दिसतंय. मग अमृताने निरखून बघितलं."

"मी सहज आतून लावून बघितली, मधल्या कागदाजवळ," अमृता म्हणाली. "तर वाजायला लागली. उलटीच आहे ती. आतून सुरू होते आणि बाहेर संपते."

विनीताबाईंच्या हातातला चमचा बशीतच राहिला. डोक्यावरून विमान गेलं. ते जाईपर्यंत थांबणं त्यांना जड गेलं.

"हरिहरभाऊ," आवाज थांबताच त्या म्हणाल्या, "जुन्या घरगुती तबकड्या सगळ्या अशाच असतात?"

"छे. बहुतेक काठावरूनच वाजतात. अशी मी उभ्या आयुष्यात एखादीच पाहिली असेन. ही अशी आहे हे मलासुद्धा आत्ता कळतंय."

"नफ़ीसा आपांना?"

"त्यांनी कधी वाजवलीच नव्हती."

विनीताबाई उठून उभ्या राहिल्या. "लीलावतीबाई, ही तबकडी आम्हांला न्यावी लागेल. ती ज्यांच्या आजीची आहे, त्यांनी तिचा आवाज अजून ऐकलेला नाही."

लीलावतीबाईंचा चेहरा पडला. रोज दुपारी ती लावून त्या पडत असत. त्यांनी पदराने निळं कव्हर पुसलं. "न्या," त्या म्हणाल्या. "पण त्या ऐकतील तेव्हा मला बोलवा. मला एवढं द्या."

७

संध्याकाळी दुकानात सगळे जमले. नफ़ीसा आपा सर्वांत आधी आल्या होत्या. फोमची पेटी काउंटरवर बंद होती. मोघे तिच्यावरून नजर काढत नव्हते. ऋषभ दाराशी उभा होता, आणि हर्षवर्धन आपल्या नेहमीच्या टेबलापाशी बसला होता. लीलावतीबाईंना अमृता घेऊन आली होती.

"ही तबकडी चोरायची होती, तर चोराने ती नेली का नाही?" विनीताबाईंनी सुरुवात केली. हिंदी-मराठी मिसळून त्या बोलत होत्या. आवाज शांत ठेवायला त्यांना कष्ट पडत होते. "कारण एवढी मोठी वस्तू शर्टात लपत नाही, आणि हरिहरभाऊ बोळाच्या तोंडाशीच उभे होते. म्हणून ती दुकानातच ठेवली, दुसऱ्याच कव्हरात. नंतर ते कव्हर विकत घ्यायचं होतं. पण काउंटरवर घेतलं, तर भाऊ वाजवून दाखवणार. म्हणजे इंटरनेटवरूनच मागवायला हवं. दुसऱ्या दिवसापासून ऑर्डरी बंद. भाऊ परत येईपर्यंत ते निळं कव्हर पानावर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर राहणार होतं. कुणाला मोह होऊ नये म्हणून तीन खोटी मतं लिहिली गेली. ऑर्डरी चालू झाल्या त्या दुपारी त्याने मागणी नोंदवली. पण लीलावतीबाई अशा मतांना जुमानत नाहीत. त्यांनी सकाळीच फोन केला होता."

"मग कोण?" मोघे म्हणाले.

"ऋषभ नाही. पान त्याच्या हातात आहे. त्याने एक बटण दाबून रेकॉर्ड पानावरून काढून टाकली असती, वाईट मतं लिहायची त्याला गरजच काय?" दाराशी ऋषभने मोठा श्वास सोडला. सबनीसांनी मान खाली घातली. "मोघेसाहेब नाहीत. त्यांनी आपल्या नावाने सगळ्यांसमोर ती मागितली. राहिला एक जण."

हर्षवर्धन टेबलावरचा पेचकस उचलून बोटांत फिरवत होता.

"एका खोट्या मतात लिहिलंय, खाचेची भिंत झिजलीय. गिऱ्हाईक म्हणतं, खरखर होते. भिंत फक्त तुमच्यासारख्या माणसाला दिसते. काल तुम्ही माझ्यासमोर तोच शब्द वापरलात. तरी एवढ्यावर मी बोलले नसते. पण तुम्हांला भीती कसली वाटली, आठवतं? बाईंनी सुई काठावर ठेवली असेल, याची. जगातल्या जवळजवळ सगळ्या रेकॉर्ड्सवर सुई काठावरच ठेवतात. या एकीवर ठेवायची नसते, हे कुणाला ठाऊक होतं? नफ़ीसा आपांना नाही. हरिहरभाऊंना नाही. अभिप्रायात ते लिहिलेलं नाही. ती तबकडी ज्याने वाजवून पाहिली, त्यालाच ते ठाऊक. आणि त्या दिवशी काउंटरशेजारी, कानाला हेडफोन लावून, चालू प्लेअरसमोर एकच माणूस बसला होता."

सगळ्यांच्या माना वळल्या. हर्षवर्धनने हातातला पेचकस हळूच टेबलावर ठेवला.

"थोड़ा-सा ही सुना था," तो म्हणाला. "सोचा, बस देखूँ, क्या है. सुई किनारे से फिसल गई, तो अंदर से लगाई. फिर वह आवाज़ आई." तो नफ़ीसा आपांकडे बघत होता. "बेचना नहीं था, आपा. सबनीस जी की मशीन की सुई भारी है. पहली ही बार में परत उखड़ जाती. मैं चाहता था, मैं उतारूँ. सबसे पहले मैं. दुनिया को मैं सुनाऊँ."

"मला सांगायचं होतंस," सबनीस म्हणाले.

"आप मानते?"

सबनीसांनी दाराकडे बोट दाखवलं. "बाहेर हो. पुन्हा या दुकानात पाऊल टाकू नकोस."

हर्षवर्धन उठला. तेवढ्यात नफ़ीसा आपांनी पेटी उघडली. उजेडात भेगा स्पष्ट दिसत होत्या. काठाशी थराचा एक पापुद्रा सुटून आला होता.

"मिश्रा जी," त्यांनी विचारलं, "यह अब कितनी बार बजेगा?"

तो थांबला. वाकून त्याने तबकडी डोळ्यांजवळ नेली, आणि बराच वेळ फिरवत राहिला. "ठीक से, एक बार," तो म्हणाला. "दूसरी बार का मैं वादा नहीं कर सकता."

"और शहर में यह काम कौन कर सकता है?"

मोघ्यांनी सबनीसांकडे बघितलं, सबनीसांनी जमिनीकडे.

"तो आप ही करेंगे," नफ़ीसा आपा म्हणाल्या. "मेरे सामने बैठकर. थाने की बात उसके बाद सोचूँगी."

८

दुसऱ्या दिवशी सकाळी आलमबागेतल्या त्या गाद्या ठोकलेल्या खोलीत खुर्च्या कमी पडल्या. नफ़ीसा आपा हर्षवर्धनच्या अगदी शेजारी बसल्या, त्यांच्या पलीकडे लीलावतीबाई. सबनीस भिंतीला टेकून उभे होते. विनीताबाईंना वाटलं, इतक्या वर्षांच्या नोकरीत आपण कितीतरी हरवलेलं सामान मालकाला पोचवलं, पण ते उघडताना बघायला कधी थांबलो नाही.

हर्षवर्धनने सर्वांत हलकी सुई निवडली. तबकडी धुऊन, वाळवून घेतली होती. त्याने सुई मधल्या कागदाजवळ नेली, आणि अमृता ठेवत असे त्याच्याही आत, कागदाला जवळजवळ चिकटून असलेल्या पहिल्या खाचेत अलगद उतरवली.

आधी नुसती खरखर. मग पेटीचे सूर, कुणाचा तरी खोकला, आणि अचानक एका तान्ह्या मुलाचं रडणं.

"हे मी नव्हतं ऐकलं," लीलावतीबाई कुजबुजल्या.

पेटी थांबली. एका बाईचा आवाज आला, हसरा, थोडा घोगरा. "ठहरिए मास्टर जी, हमारी ज़ैनब जाग गई. वही आपके देस वाली सुना दूँ, उसी से सोती है." आणि पेटीच्या मागून एक पुरुष मराठीत म्हणाला, "म्हणा की."

नफ़ीसा आपांनी लीलावतीबाईंचा हात घट्ट पकडला. "ज़ैनब," त्या म्हणाल्या. "ज़ैनब मेरी अम्मी थीं."

दिलआरा बेगम गायला लागली. नीज गं मैना, गोमती निजली. उच्चार लखनौचे होते, चाल कृष्णाकाठची होती. गाण्यामागे ते मूल अजून मुसमुसत होतं, हळूहळू कमी, पण ऐकू येत होतं. हर्षवर्धनचा हात सवयीने यंत्राच्या बटणांकडे गेला. जादा आवाज गाळून गाणं मोकळं करायचं, हेच त्याचं आयुष्यभराचं काम होतं.

नफ़ीसा आपांनी त्याच्या मनगटावर बोटं ठेवली.

"यह रोना साफ़ मत कीजिएगा," त्या म्हणाल्या.

त्याने हात मागे घेतला आणि मांडीवर ठेवला. तबकडी फिरत राहिली. सुई आतून काठाकडे सरकत होती, आणि खोलीतलं कुणीही हललं नाही.